एकरी किती पडलात?

रिसोड तालुक्यातल्या केनवडला स्केटपार्क नाही, आणि ग्रामपंचायतीच्या आराखड्यात तो लवकर येईल अशी चिन्हंही नाहीत. तरीही स्केटबोर्ड खेळणाऱ्याची मराठीत चांगली मुलाखत घ्यायची असेल तर ती केनवडच्या माणसानं घ्यावी, असं माझं मत आहे आणि ते मी गंभीरपणे मांडतो आहे. शहरातला मुलाखतकार स्केटबोर्डरसमोर बसला की त्याला खेळ परका वाटतो, म्हणून तो खेळ सोडून माणसाकडे वळतो. माणूस म्हटला की भावना आल्या, भावना आल्या की आईवडील आले, आणि आईवडील आले की शाल, श्रीफळ आणि ‘तरुणांना काय संदेश द्याल’ हे ओघानंच आलं. सोळा वर्षांच्या मुलीला तरुणांसाठी संदेश विचारणं यात काही गंमत आहे, हेही कुणाच्या लक्षात येत नाही. केनवडच्या माणसालाही हा खेळ परकाच. पण परकी वस्तू समोर आली की काय विचारायचं, याचं त्याचं शिक्षण पक्कं झालेलं असतं. दर दोन-चार वर्षांनी त्याच्या दारात एखादं नवं वाण, नवं औषध, नवं पेरणीयंत्र येतं, आणि ते घेऊन येणारा माणूस फार गोड बोलतो. गोड बोलणाऱ्याकडून कामाची माहिती काढून घेण्याचा सराव ज्याला नाही, त्याचा हंगाम जातो. मुलाखतकाराचं फक्त पान जातं.

एखाद्याचं सोयाबीन चांगलं आलं असं कळलं की पानटपरीवर त्याची जी मुलाखत होते ती ऐकण्यासारखी असते. जमीन कोणती, हलकी की भारी? वाण कोणतं, जेएस ३३५ की फुले संगम? पेरलं की टोकलं? कृषी खातं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतं, तू थांबलास की घाई केलीस? फवारण्या किती? झडती एकरी किती? पेरताना तुमच्या मनात काय भावना होत्या, असं कुणी विचारत नाही. विचारलंच, तर उत्तर देणारा शेतकरी विचारणाऱ्याच्या प्रकृतीची चौकशी करेल. मुंबई दूरदर्शनचा ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम याच प्रश्नांवर चालला, आणि २००५ पासून ‘ॲग्रोवन’ यशोगाथा छापतं त्याही याच प्रश्नांवर. यातला चमत्कार असा की मातीबद्दल विचारता विचारता माणूस आपोआप बाहेर येतो. ‘बियाणं घरचंच वापरलं, विकतचं परवडलं नाही’ हे वाणाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यात त्याचं घर, त्याचं कर्ज आणि त्याचा स्वाभिमान हे तिन्ही आले, आणि कुणाचे डोळे पाणावले नाहीत. माझा सगळा युक्तिवाद एवढाच आहे की स्केटबोर्डरची मुलाखत पिकाच्या मुलाखतीसारखी घ्यावी.

आता ती कशी होईल ते पाहू. केनवडच्या थांब्यावर बगलेत बोर्ड धरून एखादा पोरगा उतरला, तर पहिला प्रश्न बहुधा ‘याचं चाक कायचं हाय?’ हा असेल. हा प्रश्न साधा नाही. स्केटबोर्डचा इतिहास लिहिणारे लोक याच प्रश्नापासून सुरुवात करतात. आधी चाकं लोखंडाची असत, मग भाजक्या मातीच्या मिश्रणाची आली. खडा आडवा आला की फळी जागच्या जागी थांबे आणि वरचा माणूस पुढे जाई. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी या अमेरिकन तरुणानं पॉलियुरेथेनची चाकं बाजारात आणली, ती खड्यावरून निभावून नेऊ लागली, आणि तिथून हा खेळ खऱ्या अर्थानं सुरू झाला. आजही गुळगुळीत काँक्रीटवर ९९ए च्या आसपासचं कडक चाक लागतं, तर खडी वर आलेल्या डांबरी रस्त्यावर ७८ए सारखं मऊ. म्हणजे चाक कोणतं हे ऐकलं की पोरगा कुठे खेळतो ते कळतं. कुठे खेळतो ते कळलं की ती जागा कुणाची, तिथे पहारेकरी किती वाजता येतो, आणि तो शिव्या देतो की बसून बघतो, हेही विचारता येतं. दुसरा प्रश्न ‘याले बिरेक कुठी हाय?’ असा येईल. ब्रेक नसतो. थांबायचं तर पाय घासायचा किंवा उडी मारून उतरायचं. हे उत्तर ऐकून विचारणारा क्षणभर गप्प होईल, आणि मग मनात येईल ते बोलेल. ते छापायला हरकत नाही.

‘जमीन कोणती’ हा प्रश्न तर सगळ्यात महत्त्वाचा. वाशीम जिल्ह्यात सगळ्यात सपाट जमीन समृद्धी महामार्गाची. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून तो गेला, आणि त्यावर मोटारसायकललाही बंदी आहे, तिथे चार चिमुकल्या चाकांना कोण विचारतो? त्याखालोखाल गावातले सिमेंटचे रस्ते, पण सोयाबीन निघालं की त्यावर वाळवण पडतं. सोयाबीनचा दाणा गोल, कडक आणि घरंगळणारा. त्यावरून बोर्ड नेणाऱ्याला वेगळं बेअरिंग लागणार नाही, आणि वेगळं हाडही सापडणार नाही. उरतं शाळेचं पटांगण, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी. हा सगळा तपशील क्रीडापत्रकारितेत बसत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी कॅलिफोर्नियाकडे पाहावं. १९७६ आणि ७७ या सालांत तिथे मोठा दुष्काळ पडला, श्रीमंतांच्या अंगणातले पोहण्याचे हौद कोरडे पडले, आणि सांता मोनिकाकडची पोरं त्या हौदांच्या गोल तळाशी उतरून खेळू लागली. उभ्या भिंतीवर चढायचं, काठाला लागायचं आणि परत यायचं. रॅम्पवरच्या आजच्या कसरतींची मुळं त्या हौदांत आहेत. काही हौदांत तळाला पाणी उरलेलं असे, तेव्हा ही पोरं पंप आणून ते उपसून टाकत. शहरी मुलाखतकार इथे ‘बंडखोर तारुण्य’ असे शब्द वापरतो. केनवडचा माणूस मोटर किती एचपीची होती ते विचारेल. दुष्काळाचा खेळाशी संबंध त्याला समजावून सांगावा लागत नाही. आपल्या दुष्काळात कोरड्या विहिरीत उतरायला फक्त छायाचित्रकार येतात, एवढाच फरक त्याला खटकेल.

यावर पहिला आक्षेप असा की केनवडच्या माणसाला स्केटबोर्डमधलं काही कळत नाही, तो मोठ्या खेळाडूला ओळखणारही नाही. बरोबर आहे, आणि तीच त्याची लायकी आहे. टोनी हॉक हा या खेळातला जगात सगळ्यात प्रसिद्ध माणूस, पण विमानतळावर, हॉटेलात, दुकानात लोक त्याचं नाव वाचतात आणि त्यालाच सांगतात की या नावाचा एक स्केटबोर्डर आहे. हे किस्से तो स्वतः आनंदानं जगजाहीर करतो. एकदा विमानतळावरच्या तपासणीत बाईंनी ओळखपत्र पाहून नावाचं साम्य बोलून दाखवलं आणि तो हल्ली काय करत असतो कोण जाणे, असं म्हटलं. हॉकनं उत्तर दिलं की हे, म्हणजे रांगेत उभा आहे. एका वाक्यात इतकं खरं उत्तर मिळवायला भल्या भल्या मुलाखतकारांना दोन तास लागतात. बाईंनी ओळखलं असतं तर सही मागितली असती, आणि मुलाखत तिथेच बुडाली असती. आपल्याकडच्या मुलाखतीत पहिली दहा मिनिटं परिचय वाचण्यात जातात, त्यात खेळाडूला स्वतःबद्दलची एखादी नवी माहितीही मिळते, आणि तो मान खाली घालून पुढच्या प्रश्नांची उत्तरं ठरवून टाकतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. संघर्षाचं काय? २०२२ मध्ये गुजरातला झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं स्ट्रीट स्केटबोर्डिंगचं सुवर्णपदक महाराष्ट्राला मिळवून दिलं. अशा मुलीशी बोलताना घरची परिस्थिती विचारू नये का? जरूर विचारावी, पण परिस्थिती ही बोर्डाखालीच असते. पहिला बोर्ड कुणाचा होता? तो तुटल्यावर दुसरा कुठून आला? मैदान किती वाजता मोकळं व्हायचं, आणि तोवर कोण खेळत होतं? मुलींना आधी वेळ मिळायचा की शेवटी? ‘खूप संघर्ष केला’ हे वाक्य कबड्डीपटूपासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी सारखंच शोभतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. ‘संध्याकाळी सातनंतर दिवे नसायचे, म्हणून पायऱ्या मोजून ठेवल्या होत्या’ अशा धाटणीचं वाक्य मात्र ते जगलेल्या माणसालाच सुचेल. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं गाव आहे. २०१५ मध्ये उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी तिथे स्केटपार्क उभारला आणि दोन नियम केले. शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि बोर्ड आधी मुलींना. तिथली आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत खेळली. या गोष्टीवर ‘आदिवासी मुलीची गगनभरारी’ असा मथळा कुणालाही देता येतो. पण दुसरा नियम जाहीर झाल्यावर मुलगे काय म्हणाले, आणि रांगेत उभं राहायला ते किती दिवसांत शिकले, हे विचारलं की गावच बोलायला लागतं. जाती, घरं, भावंडं, सगळं त्या रांगेत आहे.

रायसा लिआल या ब्राझीलच्या मुलीचं याच्या उलट झालं. सात वर्षांची असताना परीचा पोशाख घालून पायऱ्यांवरून हीलफ्लिप मारतानाची तिची चित्रफीत जगभर पाहिली गेली. हीलफ्लिप म्हणजे उडी मारून बोर्ड टाचेनं हवेत गरकन फिरवायचा आणि पुन्हा त्यावर दोन्ही पाय टेकायचे. हे पायऱ्यांवरून, परीचे पंख लावून, सातव्या वर्षी. तिचं नाव त्यानंतर ‘छोटी परी’ पडलं, छोटी टाच पडलं नाही. पोशाख सगळ्यांना कळला, कसरत थोड्यांनाच. आणि तरीही मला पोशाखाविषयीचा एक प्रश्न मान्य आहे, तो म्हणजे पंखांमुळे तोल जात होता का. वाऱ्याच्या दिवशी फवारणी करणाऱ्या माणसाला तो सहज सुचेल.

‘ही पोरं बोलतच नाहीत’ ही तक्रार मात्र मी मुळीच मानत नाही. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, आणि मुलींच्या स्ट्रीट प्रकारात मोमिजी निशिया तेराव्या वर्षी सुवर्णपदक घेऊन मोकळी झाली. रौप्य याच रायसाला, तीही तेराची, आणि कांस्य सोळा वर्षांच्या फुना नाकायामाला. व्यासपीठावरच्या तिघींच्या वयाची बेरीज बेचाळीस, एवढ्या वयात आपल्याकडे माणूस युवा नेता असतो. या मुलींना ऑलिंपिक पदकाचं ऐतिहासिक महत्त्व विचारलं तर त्या काय सांगणार? पण स्पर्धा चालू असताना तू आणि नाकायामा आपसात काय बोलत होतात, असं निशियाला कुणीतरी विचारलं, आणि तिनं सांगितलं की रास्कलबद्दल. रास्कल म्हणजे १९७७ च्या एका जपानी कार्टून मालिकेतला रकून, मुलींच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. सुवर्णपदक पणाला लागलेलं असताना दोन प्रतिस्पर्धी एका लबाड प्राण्याबद्दल गप्पा मारत होत्या. हा खेळ बाकीच्या खेळांपेक्षा वेगळा कसा, इथे समोरचा पडू नये असं प्रतिस्पर्ध्याला का वाटतं, यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत; त्या सगळ्यांपेक्षा हे एक उत्तर वजनदार आहे. प्रश्न नीट पाहा. त्यात भावना नाही, संदेश नाही, श्रेय नाही. अमुक वेळी अमुक ठिकाणी काय बोललात, एवढंच. धुऱ्यावर उभ्या दोघांना तिसरा येऊन विचारतो, तसलाच.

शेतकऱ्याला ‘औंदा काय चुकलं’ हे बिनदिक्कत विचारतात, आणि तो बिनदिक्कत सांगतो. खेळाडूला हे विचारायला आपण कचरतो. स्केटबोर्डमध्ये तर न पडलेला क्षण हा अपवाद असतो. २७ जून १९९९ ला सॅन फ्रान्सिस्कोत टोनी हॉकनं हवेत अडीच गिरक्यांची, म्हणजे नऊशे अंशांची कसरत पहिल्यांदा स्पर्धेत पूर्ण केली, ती बाराव्या खेपेला, अधिकृत वेळ संपून गेल्यावर. बारावी खेप सगळ्यांनी पाहिली आणि तिच्यावरच सगळे लिहितात. पण आधीच्या अकरा खेपांत त्यानं प्रत्येक वेळी काय बदललं? वजन कुठल्या पायावर टाकलं? पाचव्यांदा पडताना कुठला भाग आधी टेकला? पडणं हा इथला मुख्य धंदा आहे, आणि त्याचंही शास्त्र आहे. हात टेकायचा नाही, मनगट जातं. अंग गोळा करून लोळण घ्यायची, गुडघ्यावर घसरायचं. ‘पडलं तं कोन्या आंगानं पडा लागते?’ हा प्रश्न केनवडच्या पारावरून आला की कुठलाही स्केटबोर्डर खुर्ची सोडून उभा राहील आणि करून दाखवेल. म्हणूनच मुलाखत सोफ्यावर घेऊ नये. सोफ्यावर पडून दाखवता येत नाही, आणि समोरच्या काचेच्या टेबलाचीही काळजी घ्यावी लागते.

आता आक्षेप येईल तो वाचकाचा. इतका तपशील कोण वाचणार? रिव्हर्स स्विंगसाठी चेंडूची कुठली बाजू घासायची हे ज्या देशात चहा ओतणाराही सांगतो, तिथे हा आक्षेप टिकत नाही. वाचक तपशिलाला कंटाळत नाही, तेच ते ऐकून कंटाळतो. पण तपशिलाच्या नावाखाली दुसऱ्या टोकाला जाणंही वाईट, आणि ते टोक खुद्द या खेळाच्या मासिकांत सापडतं. १९८१ पासून निघणारं ‘थ्रॅशर’ हे या पंथाचं मुखपत्र. तिथल्या मुलाखती आपल्या माणसांनी आपल्या माणसांच्या घेतलेल्या असतात. कोण कुठल्या गाडीत झोपला, कुणाच्या पायाचं काय झालं, आणि शेवटी मित्रांचे आभार. त्यांच्या लोकांना ती मेजवानी असते, बाहेरच्याला मात्र दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम बघत बसल्यासारखं होतं. ज्याला सगळं माहीत आहे तो मुलाखतकार विचारायला विसरतो, आणि ज्याला काहीच जाणून घ्यायचं नाही तो भावनांकडे पळतो. या दोघांच्या मधे आमचा माणूस उभा आहे, त्याला काही माहीत नाही पण जाणून घेतल्याशिवाय तो जागचा हलणार नाही.

तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. दहाव्या मिनिटाला तो ‘कोणत्या घरचा, मामा कुठले’ याकडे वळेल, आणि संधी मिळाली तर स्थळही सुचवेल. समोर मुलगी असेल तर ‘पोरी, घरचे काय म्हणत नाहीत का?’ हा प्रश्न टळणार नाही, तो संपादकानं कापावा. पण ‘याच्यावर नोकरी लागते का?’ हा त्याचा प्रश्न कापू नये. राज्यात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, आणि कुठल्या खेळाचं कुठलं प्रमाणपत्र चालतं यावर कितीतरी घरांची गणितं अडलेली असतात. स्वप्न काय, या प्रश्नाला मिळतं त्यापेक्षा खरं उत्तर या प्रश्नाला मिळेल.

शेवटी भाव. शेतमालाची कुठलीही मुलाखत भाव विचारल्याशिवाय पूर्ण होत नाही, आणि शहरी मुलाखतीत नेमका तोच अशिष्ट समजतात. बोर्ड कितीला पडतो, किती दिवस टिकतो, मेपल लाकडाचे सात पातळ थर चिकटवलेली ती फळी पायऱ्यांवरून उतरताना दुभंगते तेव्हा खिसा काय म्हणतो? आणि बोर्डाहून जास्त खर्च बुटांचा असतो, हे विचारल्याशिवाय कळणारच नाही. बोर्डवर खरखरीत कागद चिकटवलेला असतो, आणि उडी मारताना पुढचा पाय त्यावर घासत वर न्यावा लागतो, त्यामुळे पुढच्या पायाचा बूट महिन्याभरात फाटतो आणि मागचा बराच धड राहतो. डावा पाय पुढे ठेवून खेळणाऱ्याचा डावा बूट जातो, उजवा ठेवणाऱ्याचा उजवा. तेव्हा समोर डावा पाय पुढे ठेवणारा पोरगा असला, तर त्याच्याच मापाचा आणि उलट्या पायाचा जोडीदार गावात कोण आहे, आणि राहिलेल्या दोन बुटांचा जोड त्यांच्यापैकी कोण घालतो, तेवढं विचारून घ्यावं.